पॅसिफिक बेटांवर गुणात्मक संशोधन : आधी बैठक, मग प्रश्न

मुलाखतीची पुस्तकी पद्धत पॅसिफिक बेटांवर जशीच्या तशी वापरली की हाती बहुधा गुळमुळीत उत्तरं लागतात. दोष प्रश्नांचा नसतो. बहीण-भाऊ एकाच चटईवर बसलेले असतात, गावचा मातब्बर कोपऱ्यात बसून ऐकत असतो, किंवा पाहुण्याला 'नाही' कसं म्हणायचं म्हणून लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. कोणी कुणासमोर काय बोलावं याचे तिथे पक्के नियम आहेत, आणि ते नातं, वय, पद नि भाषा यांवर ठरतात. म्हणून खालच्या मजकुरात प्रश्नावलीपेक्षा बैठकीवर भर आहे.

'पॅसिफिक संस्कृती' असं एकसंध काही नाही, हेही ध्यानात असू द्या. पापुआ न्यू गिनीत ८०० हून जास्त भाषा आहेत. वानुआतूची लोकसंख्या सुमारे ३ लाख, पण भाषा १०० च्या वर. सॉलोमन बेटांवर ७० च्या आसपास. उलट सामोआ आणि टोंगात देशभर मुख्यतः एकेकच भाषा, पण तिच्यात मानापानाचे थर. तेव्हा प्रस्तावात देश, बेट, गाव, भाषा आणि त्या भाषेची बोली इतकं सगळं लिहा. हे लिहिता येत नसेल तर पूर्वतयारी अपुरी आहे.

चौकट निवडताना

तलानोआ हा शब्द टोंगा, सामोआ आणि फिजी तिन्हीकडे आहे. समोरासमोर बसून केलेली मोकळी बातचीत, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. टिमोटे वायोलेती यांनी २००६ साली त्याची संशोधनपद्धती म्हणून मांडणी केली आणि न्यूझीलंडमधल्या पॅसिफिक अभ्यासांत ती रुळली. सॉलोमन बेटांवर तिच्या जवळची पद्धत म्हणजे टोक स्टोरी, वानुआतूत स्टोरियान. फिजीच्या गावांसाठी उनाइसी नाबोबो-बाबा यांची वानुआ चौकट आहे (वानुआ म्हणजे जमीन आणि तिच्याशी जोडलेले लोक). टोंगाच्या कोनाई हेलू थामन यांनी १९९० च्या दशकात काकाला चौकट मांडली. काकाला म्हणजे फुलांचा मानाचा हार. फुलं वेचणं ही तोली, ओवणं ही तुई आणि हार दुसऱ्याला अर्पण करणं ही लुवा. कामाचं वेळापत्रक आखायला ही चौकट फार सोयीची आहे, कारण तिच्यात देण्याचा टप्पा आधीपासूनच धरलेला आहे. एरवी पैसे आणि वेळ संपतात ते नेमके तिथेच.

काउपापा माओरी मात्र माओरींनी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांनी, माओरींसाठी उभी केलेली चौकट आहे. बाहेरच्या संशोधकाने ते नाव आपल्या कामाला परस्पर लावू नये. माओरी संस्था सोबत असेल आणि सूत्रं तिच्या हाती असतील, तर गोष्ट वेगळी.

सर्वांत जास्त दिसणारी गल्लत म्हणजे अर्धरचित मुलाखतीला 'तलानोआ' असं नाव देणं. हातात प्रश्नांचा कागद, समोर एक माणूस, ४५ मिनिटांत आटोपतं घेतलेलं. तलानोआत संशोधकालाही बोलावं लागतं. घरी कोण कोण आहे, देवाधर्माचं काय, लग्न झालं का, मुलं किती, हे प्रश्न तुम्हाला विचारले जाणारच. ते टाळले तर समोरचाही हातचं राखून बोलतो. कागद बॅगेत ठेवा, चार-पाच विषय पाठ करा आणि क्रम बैठकीवर सोडा. चार ते सहा जणांच्या तलानोआला दोन-तीन तास धरा, एकट्या माणसाला दीड तास. दिवसात एकच गटबैठक ठेवा. दुसरी ठेवली की पहिली उरकली जाते.

परवाने

देशोदेशी वेगळे, आणि वेळखाऊ. वानुआतूत परवाना सांस्कृतिक केंद्राकडून, म्हणजे वानुआतू काल्जोराल सेंटाकडून मिळतो. तिथे १९८५ ते १९९४ पर्यंत परदेशी मानववंशशास्त्रीय संशोधनावर बंदीच होती. आताच्या करारात कामाच्या प्रती केंद्रात जमा करणं आणि स्थानिक समाजाच्या उपयोगाचं काहीतरी करून देणं या अटी असतात. केंद्राचे गावोगावचे कार्यकर्ते, ज्यांना तिथे 'फिल्वोका' म्हणतात, तेच तुमचे पहिले सल्लागार. सॉलोमन बेटांवर १९८२ चा संशोधन कायदा लागू आहे आणि अर्ज शिक्षण मंत्रालयाकडे जातो. पापुआ न्यू गिनीत राष्ट्रीय संशोधन संस्थेमार्फत, कुक बेटांवर पंतप्रधान कार्यालयामार्फत. फिजीत इमिग्रेशनच्या परवान्याखेरीज इतौकेई, म्हणजे मूळ फिजीयन, गावात जायचं तर त्यांच्या कारभाराचं मंत्रालयही वाटेत येतं. विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी याच्या जोडीला लागते. तिने यातलं काहीच भागत नाही. सहा महिने हाताशी ठेवा.

वेळापत्रक आखताना नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ आणि नाताळ ते जानेवारीअखेर या दोन्हींना बगल द्या. टोंगात रविवारचं पावित्र्य थेट राज्यघटनेत आहे, त्या दिवशी काम नाही. सामोआतल्या गावांत संध्याकाळी प्रार्थनेची वेळ असते. तेव्हा रस्त्यावर हिंडत राहणं अपमानाचं. आणि गावात मयत झाली की संशोधन थांबतं. आठवडाभर, कधी जास्त. दर महिन्याच्या कामामागे एक मोकळा आठवडा ठेवलेला बरा.

गावात पाय ठेवताना : फिजीचं उदाहरण

फिजीयन गावात पहिलं काम सेवुसेवु, म्हणजे कावा देऊन प्रवेश मागण्याचा विधी. अर्धा किलो यांगोना, म्हणजे कावा हे पेय ज्या झुडपापासून करतात त्याची वाळलेली मुळं (याला 'वाका' म्हणतात), न कुटलेली, जुडी बांधून न्यायची. पूड नेऊ नका. ती प्यायला चालते, मानाला नाही. एका गावासाठी किमान तीन जुड्या धरा: एक प्रवेशाची, एक बैठकांसाठी आणि एक निरोपाची. निरोपाचा विधी, म्हणजे इ तातौ, बरेच बाहेरचे लोक विसरतात. तो न करता निघून गेलेल्या माणसाचं दुसऱ्या खेपेला स्वागत थंडच होतं.

आधी तुरांगा नि कोरो, म्हणजे गावचा कारभारी, याला निरोप धाडा. सोबत तुमच्या वतीने बोलणारा स्थानिक माणूस हवाच, कारण जुडी स्वतः भाषण करून द्यायची नसते. गावात शिरताना टोपी आणि गॉगल काढा, पाठीवरची सॅक हातात घ्या. बायकांनी खांदे झाकून सुलू (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) नेसावी. घरात मांडी घालून बसा आणि बसलेल्या लोकांसमोरून जावं लागलं तर वाकून 'तुलोऊ' (माफ करा) म्हणत जा. तुमचा माणूस जुडी पुढे ठेवून येण्याचं कारण सांगतो. प्रमुखाच्या वतीने त्याचा मातानिवानुआ, म्हणजे प्रवक्ता, ती स्वीकारतो. मग ओंजळीसारखे पोकळ हात करून टाळ्या वाजतात. करवंटीचा पेला पुढे आला की एक टाळी, एका दमात पिणं, पेला परत, मग तीन टाळ्या.

या विधीत रेकॉर्डर बंद. तो संपल्यावर संशोधनाची माहिती त्यांच्या भाषेत सांगा, चालू करायला विचारा आणि मगच चालू करा. आणखी एक खबरदारी: सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट आणि काही पेंटेकोस्टल मंडळी कावा घेत नाहीत. गाव कुठल्या चर्चचं आहे हे आधी काढा आणि जुडीऐवजी काय चालेल ते कारभाऱ्यालाच विचारा.

प्रमुखाने होकार दिला म्हणजे गावातल्या प्रत्येकाने दिला असं होत नाही. उलट त्याच्या होकारानंतर एखाद्याला नकार देणं अवघड होऊन बसतं. म्हणून व्यक्तीची संमती वेगळी, एकांतात आणि सकाळी घ्या, कावाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत. सहीचा कागद अनेकांना जमिनीच्या कागदासारखा वाटतो आणि लोक बिचकतात. तोंडी संमती रेकॉर्ड करायची सोय नीतिसमितीकडून आधीच मंजूर करून घ्या. वानुआतूत तर कावा ओल्या मुळांचा आणि कडक असतो, संध्याकाळी नाकामालमध्ये, म्हणजे कावा प्यायच्या बैठकघरात, लोक हलक्या आवाजात बोलतात किंवा गप्प बसतात. ती वेळ प्रश्न विचारायची नव्हेच.

कुणाला कुणाबरोबर बसवायचं

टोंगा आणि सामोआत भाऊ-बहिणीचं नातं फार अदबीचं. एकमेकांसमोर शरीर, प्रेम, लग्न, गरोदरपण, दारू यांबद्दल बोलणं नाही, थट्टा नाही. आणि भाऊ-बहीण म्हणजे सख्खेच नव्हेत. चुलत, मावस, आते, मामे सगळे त्यात येतात. गावातल्या तरुण मुला-मुलींचा मिश्र गट केला तर त्यात अशी एखादी जोडी असण्याची शक्यता दाट असते. मग विषय आरोग्याचा असो की शाळेचा, सगळे चटईकडे बघत बसतात. गट करण्यापूर्वी स्थानिक सहकाऱ्याबरोबर यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे नातं लिहा. यात अर्धा दिवस जातो. नंतर बैठका फुकट जाण्यापेक्षा तो परवडतो.

फिजीत चुलत-मावस भावंडं ही भावंडंच, पण आते-मामे भावंडं तावाले: त्यांच्यात थट्टेचा परवाना असतो. तावाले पुरुषांचा गट भन्नाट बोलतो. पण अतिशयोक्ती, खोटे आरोप, एकमेकांची टर हे सगळं त्या बोलण्यात असणार. अशा गटात कुणी 'हा तर बायकोचा पगार पितो' म्हणाला, तर ते घरगुती अर्थव्यवस्थेवरचं निवेदन म्हणून नोंदवू नका. आधी नातं, मग वाक्य.

सामोआत गट पाडायला गावाचीच रचना वापरा: मताई म्हणजे पदधारी, त्यांच्या बायका, पद नसलेले पुरुष (औमागा) आणि गावच्या लेकी (औआलुमा). हे चार गट वेगळे बसवले की चार वेगळी चित्रं मिळतात. एकत्र बसवले की एकच मिळतं, मताईंचं. तरुणांचा गट घेताना दाराशी एखादे मताई येऊन बसले तर त्यांना उठवता येत नाही. उपाय एकच: त्याच वेळी दुसऱ्या घरात त्यांची बैठक लावा, आणि ती दोघांतल्या ज्येष्ठ संशोधकाने घ्यावी.

मेलनेशियातल्या (पापुआ न्यू गिनीपासून फिजीपर्यंतच्या बेटांवरच्या) अनेक समाजांत सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात. घरातल्या माणसांची यादी विचारली की बाई अडते, आणि संशोधकाला वाटतं ती काहीतरी लपवते आहे. नावं शेजारच्या दुसऱ्या कुणाकडून घ्या, किंवा यादीत नात्याचे शब्द वापरा.

शांततेचंही तसंच. वडीलधाऱ्यांसमोर गप्प राहणं हा मान आहे, असहमती दाखवण्याची रीतही आहे, आणि कधी नुसतं विचार करणं आहे. नाबोबो-बाबांनी फिजीयन मौनाच्या या अनेक तऱ्हा तपशिलाने मांडल्या आहेत. तुम्ही घाईने पुढचा प्रश्न टाकला तर यातलं काहीच कळत नाही. मनात दहापर्यंत मोजा. वहीत लिहा: मौन, किती सेकंद, कुणी कुणाकडे पाहिलं, शेवटी कोण बोललं.

भाषा

मराठीत काम करणाऱ्याला इथे एक आयती सोय आहे. 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक पॅसिफिकच्या बहुतेक भाषांत आहे: वानुआतूच्या बिस्लामात युमी आणि मिफाला, पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये युमी आणि मिपेला, सामोअनमध्ये ताटोऊ आणि माटोऊ. इंग्रजी भाषांतरात दोन्हींचं एकच होतं आणि वक्त्याने तुम्हाला, शेजारच्या गावाला किंवा सरकारला आत धरलं की बाहेर, हेच पुसलं जातं. जमीन, मासेमारीचे हक्क, मदतनिधी यांवरच्या बोलण्यात तर सगळा मुद्दा यातच असतो. इंग्रजीतून मराठीत आणू नका, मूळ भाषेतून आणा. 'आपण दोघं', 'आम्ही तिघं' असे भेदही सर्वनामातच असतात. तेही भाषांतरात ठेवा.

उलटी अडचण लिंगाची. टोक पिसिनचा 'एम', बिस्लामाचा 'हेम', सामोअनचा 'इया' हे तो, ती आणि ते तिन्हींसाठी चालतात. मराठी क्रियापद लिंग मागतंच. सुरक्षित उपाय असा: मूळ सर्वनाम कंसात ठेवायचं आणि संदर्भातून लिंग नक्की कळलं असेल तरच रूप निवडायचं. नाहीतर 'नर्स आली' असं लिहून तुम्ही पुरावा नसलेली एक बाई तयार करता.

नकारार्थी प्रश्न टाळा. 'तुम्ही दवाखान्यात गेला नाहीत?' याला टोक पिसिन किंवा बिस्लामात 'येस' आलं तर अर्थ होतो, बरोबर, नाही गेलो. शिवाय फिजी-सामोआत भुवया उंचावणं म्हणजे होकार, आणि तो रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. लगेच मोठ्याने 'हो म्हणता ना' असं विचारून घ्या.

आता थर. टोंगनमध्ये राजा, सरदार आणि सामान्य यांच्यासाठी वेगळे शब्द आहेत. सामोअनमध्ये अदबीचा शब्दसंग्रह वेगळा, आणि त्याखेरीज उच्चाराच्या दोन रीती: चर्च, रेडिओ आणि लिखाणात 'त', घरात नि गावात त्याच जागी 'क'. 'तामा'चा 'कामा' होतो. लिप्यंतर करणारे, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणारे, सवयीने सगळं 'त'मध्ये नीट करून टाकतात. तसं करू देऊ नका. माणूस बोलता बोलता 'त'वरून 'क'वर आला की संकोच कुठे गळला ते दिसतं. फिजीच्या मुख्य बेटाच्या, म्हणजे विती लेवूच्या, पश्चिम भागातले लोक बाहेरच्याशी बाऊ बेटावर आधारलेली प्रमाण फिजीयन बोलतात, आपापसात पूर्णपणे वेगळी बोली. लिप्यंतर त्या भागातल्याच माणसाकडून करून घ्या.

फिजीतल्या भारतीय वंशाच्या लोकांमध्ये काम करायचं असेल तर वेगळा सापळा आहे. १८७९ ते १९१६ दरम्यान सुमारे ६०,००० गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, तिथे नेले गेले. त्यांच्या बोलींतून घडलेली फिजी हिंदी ही पाठ्यपुस्तकातली हिंदी नव्हे. तुम्ही शाळेतल्या हिंदीत सुरुवात केली की समोरचा 'शुद्ध' हिंदीकडे वळतो, भाषण देऊ लागतो आणि घरचं बोलणं बंद होतं. पहिली दहा मिनिटं स्थानिक सहकाऱ्याला बोलू द्या. बैठकीसाठी रामायण मंडळी हा तयार गट आहे. मात्र तिच्यातही जुनी जाणती मंडळी पुढे असते.

फिजीयन लिपीचे नियम पाठ हवेत, नाहीतर गावांची नावंच चुकतात. रोमन डी म्हणजे 'न्द', बी म्हणजे 'म्ब', क्यू म्हणजे 'न्ग', जी म्हणजे नाकातला 'ङ', सी म्हणजे दातांत जीभ धरून म्हटलेला 'द'. म्हणून विमानतळाचं गाव नांदी, आणि बेटाचं नाव म्बेंगा.

रेकॉर्डिंग आणि लिप्यंतर

वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. दोन यंत्रं, एक मध्ये चटईवर, दुसरं स्थानिक सहकाऱ्याच्या कॉलरला. चटईवर यंत्राखाली दुमडलेला टॉवेल ठेवा, नाहीतर प्रत्येक टाळी आणि कावा कुटल्याचा ठोका ध्वनीत शिरतो. पत्र्याच्या छपरावर पाऊस आला की थांबा. तो भाग नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही.

गटाच्या एका तासाच्या ध्वनीला लिप्यंतराचे आठ तास आणि भाषांतराचे चार धरा. वीस बैठका, प्रत्येकी दोन तास, म्हणजे ४८० तास: एका माणसाचं पूर्णवेळ बारा आठवड्यांचं काम. अंदाजपत्रकात ही रक्कम स्वतंत्र दाखवा. इलान या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वक्त्याची ओळ वेळेशी जोडता येते, त्यामुळे एकाच वेळी तिघे बोलले तरी गोंधळ होत नाही.

टोंगन, सामोअन यांसारख्या पॉलिनेशियन भाषांतला कंठ्य स्फोट (घशात क्षणभर श्वास अडवून काढलेला आवाज) दाखवणारं चिन्ह हे डोकेदुखीचं मूळ. एक जण सरळ अवतरणचिन्ह टाइप करतो, दुसरा वळलेलं, तिसरा खरं ओकिना, म्हणजे या आवाजाचं स्वतःचं चिन्ह. डोळ्याला तिन्ही सारखीच, संगणकाला तीन वेगळे शब्द. शोध घेतला की दोन-तृतीयांश उतारे गळतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याआधी सगळ्या फाइलींत एकच चिन्ह करा. स्वरांवरच्या दीर्घरेषांचंही तेच.

कोडिंग, म्हणजे उताऱ्यांना विषयांच्या खुणा लावणं, मूळ भाषेवर करा. तीन रकाने: मूळ वाक्य, शब्दशः, अर्थ. दर उताऱ्याला गटाची रचना, भाषा, थर आणि बैठकीची जागा यांची खूण लावा. मग 'तरुणी वेगळ्या बसल्या तेव्हा काय म्हणाल्या' हे एका क्लिकवर निघतं. पहिल्या पाच बैठका दोघांनी वेगवेगळ्या कोड कराव्यात, त्यांतला एक त्या भाषेत वाढलेला. मतभेद झाला तर त्या भाषेत वाढलेल्याचं म्हणणं आपोआप खरं धरू नका, पण त्याचं कारण आधी ऐका.

नावं झाकणं आणि परत देणं

नीउएची लोकसंख्या सुमारे १,७००. टोकेलाऊही असंच लहान, विमानतळ नाही, सामोआची राजधानी आपियाहून बोटीनेच जावं लागतं. तिथे 'एक परिचारिका, वय ४०च्या आसपास' असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं. अशा ठिकाणी व्यवसाय आणि बेट एकत्र छापू नका, दोन माणसांच्या तपशिलांची सरमिसळ करण्यापेक्षा तपशील वगळा, आणि अवतरण छापण्यापूर्वी त्या माणसाला वाचून दाखवा. दुसरी बाजूही आहे: वंशावळ किंवा गावाचा इतिहास सांगणाऱ्या वडीलधाऱ्याला आपलं नाव हवंच असतं. त्याचं नाव झाकणं म्हणजे त्याची विद्या चोरणं. संमतीच्या वेळी दोन्ही पर्याय विचारा.

बैठक संपताना भेट एका व्यक्तीच्या हातात रोख देऊ नका. गटाला, सर्वांसमोर, तुमच्या स्थानिक माणसाच्या तोंडून द्या. अहवालाचा मसुदा घेऊन परत जा. दोन पानांचा सारांश त्यांच्या भाषेत, आणि वाचणारे कमी असतील तर तोच दहा मिनिटांच्या ध्वनीत, मेसेंजरवर पाठवता येईल असा. काही माहिती फक्त पुरुषांची, काही फक्त बायकांची, काही एकाच घराण्याची असते. वानुआतूत याला सरळ 'ताबू' म्हणतात. पॅराडिसेकसारख्या, पॅसिफिक भाषांचे ध्वनी जतन करणाऱ्या डिजिटल संग्रहात ध्वनी जमा करताना प्रत्येक फाइलवर कोण ऐकू शकतं ते लिहून द्या, आणि ते ठरवताना ज्यांचा आवाज आहे त्यांना समोर बसवा.